मूल बाल कल्याण समितीकडे गेलंय? इंदूरच्या आई-वडिलांनो, या चुका टाळा

घरातून रुसून निघालेला मुलगा स्टेशनवर सापडतो. कुणी हॉटेलात कपबशा धुताना दिसतो. कधी शेजारी १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करून सांगतात, 'या घरात पोराला फार मारतात.' अशा मुलाला २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अडचणीतल्या मुलाला कुणाकडे ठेवायचं हे ठरवणाऱ्या समितीपुढे, हजर करावं लागतं. बाल न्याय कायदा, २०१५ तसं सांगतो. आपल्या मराठी घरांत मात्र ही बातमी आली की पहिला प्रश्न असतो, 'कुणाची ओळख आहे का?' नगरसेवकाला फोन होतो, पोलिसातल्या मावसभावाला होतो, आणि ज्या समितीपुढे पोर बसलंय तिथे आई-वडील दोन-तीन दिवसांनी पोचतात. सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. 'पालक आलेच नाहीत' हा शेरा फाइलमध्ये एकदा बसला की पुसायला फार वेळ जातो.

समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, आणि त्यांना प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. त्यामुळे तिथे वशिला लावू नका आणि आरडाओरडाही करू नका. कायदा मुळात तुमच्या बाजूने झुकलेला आहे: संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आणि मुलाला आपल्या कुटुंबात परत नेणं हे मुख्य उद्दिष्ट. पहिल्याच दिवशी सुपुर्दगीचा, म्हणजे मूल आपल्या ताब्यात परत मिळावं असा, लेखी अर्ज द्या. सोबत जन्माचा दाखला, आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा नोंदणी क्रमांक), शाळेचं प्रगतिपत्रक आणि लसीकरणाचं कार्ड जोडा, आणि अर्जाची पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

न वाचता सही

याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण इथे झालेलं नुकसान भरून काढणं सगळ्यांत अवघड असतं. नवरा गेलेली किंवा नवऱ्याने टाकलेली बाई दोन घरची धुणीभांडी करते. बाळाला सांभाळायला कुणी नसतं, म्हणून ती म्हणते, 'थोडे दिवस ठेवून घ्या हो, सोय झाली की नेते.' तिच्या मनात वसतिगृहासारखी काहीतरी व्यवस्था असते. पण समोरचा कागद समर्पणाचा असेल, तर त्याचा अर्थ पालकत्व सोडणं असा होतो. विचार बदलायला कायदा दोन महिने देतो. ते उलटले की मूल दत्तक देण्यासाठी मोकळं ठरवता येतं.

म्हणून सही करण्याआधी सरळ विचारा: 'हा कागद समर्पणाचा आहे का?' हो म्हणाले तर घाई करू नका. समुपदेशन मागा आणि काही दिवसांचा वेळ मागा. सही होऊन गेली असेल, तर त्या दोन महिन्यांच्या आत 'मला मूल परत हवं आहे' असं लेखी द्या आणि पोच घ्या. अडचण पैशाचीच असेल, तर प्रायोजकत्वाबद्दल विचारा. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बालकल्याण योजनेत पात्र मुलाला घरीच ठेवून दरमहा ४,००० रुपये मिळू शकतात. त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे, पण विधवा आणि परित्यक्ता आयांची मुलं त्यात बसतात. हे आधी कळलं असतं तर ती सही झालीच नसती, अशा आया असतात.

घरभेटीचा धसका

समिती सामाजिक तपासणी अहवाल मागवते. तो १५ दिवसांत यायचा असतो. अधिकारी किंवा समाजसेवक घरी येतात. नंदानगर-परदेशीपुऱ्याकडच्या दोन खोल्यांच्या घरात लोक काय करतात? शेजारून सोफा आणतात, आजोबांना आत बसवतात आणि 'आम्ही कधी हातसुद्धा लावला नाही' असं पाठ करून ठेवतात. गरिबी हा दोष नाही, आणि पाहणाऱ्याला खोटं लगेच कळतं. मूल कुठे झोपतं, शाळेतून आल्यावर घरी कोण असतं, दारू कोण पितं, हे ते विचारणारच. बापाची दारू हीच अडचण असेल तर लपवू नका. उपचार सुरू केल्याचा कागद दाखवा, आणि दुपारी मूल आजीकडे राहील हे आजीलाच सांगू द्या. घरात काय बदललं हे दिसलं तर अहवाल तुमच्या बाजूने लिहायला त्यांना आधार मिळतो.

मुलाला भेटायचं टाळू नका. रडेल म्हणून जात नाही, असं आई म्हणते, पण भेटींच्या नोंदी होतात. परवानगी मागा, ठरल्या वेळी जा, आणि 'तिथे काय सांगितलंस?' अशी उलटतपासणी मुलाची घेऊ नका.

मुलाचा फोटो टाकून 'न्याय द्या' अशी पोस्ट तर अजिबात नको. अशा मुलाची ओळख उघड करणं हा कलम ७४ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

नवरा-बायकोत ताब्याचं भांडण असेल तर ते कुटुंब न्यायालयात न्या. समितीपुढे एकमेकांची उणीदुणी काढलीत, तर मूल दोघांकडेही सुरक्षित नाही असंच दिसतं.

वकील 'परवडत नाही' म्हणून थांबणं

विधिक सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. म्हणून अर्ज आईच्या नावाने करा. वडिलांना बहुधा उत्पन्नाची अट लागते. अनुसूचित जाती-जमातीचे किंवा अपंग असतील तर तीही लागत नाही. जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा.

चौकशी चार महिन्यांत संपून अंतिम आदेश व्हायचा असतो, आणि त्या वेळी किमान तीन सदस्य हजर हवेत. आदेश विरुद्ध गेला तर खचून घरी बसू नका. त्याच दिवशी नकलेसाठी अर्ज करा. आदेशाच्या तारखेपासून ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं. नक्कल हातात पडेल तेव्हा दिवस मोजायला लागू, असं समजू नका. वकिलाकडे जाताना पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या पोचपावत्या घेऊन जा.