‘हे हवामान बदलामुळेच झालं’ म्हणण्याआधी या चुका टाळा

पूर ओसरत नाही तोच प्रश्न येतो, “हे हवामान बदलामुळेच झालं ना?” त्यावर नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून मोकळं होणं ही पहिली चूक. उष्णतेच्या लाटा आणि अतिवृष्टी आधीही होत्याच. विचारायला हवं ते हे: माणसाने हरितगृह वायू सोडलेच नसते तर अशी घटना किती वेळा घडली असती? आणि घडलीच असती तर किती तीव्र असती? शास्त्रज्ञ जुन्या नोंदी आणि संगणकीय मॉडेलं वापरून आजचं जग आणि न तापलेलं जग शेजारी ठेवून हा फरक मोजतात.

हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की मोठा घोटाळा होतो. २०१० ची रशियातली उष्णतेची लाट बघा. एका अभ्यासाने सांगितलं, तिची तीव्रता मुख्यतः नैसर्गिक. दुसऱ्याने सांगितलं, तापमानवाढ नसती तर मॉस्कोतला जुलैचा उच्चांक झालाच नसता, याची शक्यता सुमारे ८० टक्के. लोकांना वाटलं, यांचंच यांना ठरत नाही. २०१२ मध्ये तिसऱ्या अभ्यासाने उलगडा केला: दोघंही बरोबर, फक्त प्रश्न वेगळे. १९६० च्या दशकात ९९ वर्षांतून एकदा येऊ शकणारी लाट आता ३३ वर्षांतून एकदा येऊ शकत होती. तीव्रतेत निसर्गाचा वाटा मोठा, पण शक्यता तिप्पट! म्हणून बातमी किंवा पोस्ट लिहिताना ‘यामुळे झालं’ असं न लिहिता ‘इतक्या पटींनी शक्यता वाढली’ किंवा ‘इतक्या अंशांनी तीव्रता वाढली’ असं लिहा.

सगळ्या घटना एकाच मापाने मोजू नका. उष्णतेबद्दलचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. जून २०२१ मध्ये कॅनडातल्या लिटन गावात पारा ४९.६ अंशांवर गेला. तापमानवाढीशिवाय तशी लाट जवळपास अशक्यच होती. पावसाचं गणितही स्पष्ट आहे: हवा एक अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. गारपीट किंवा टोर्नेडोबद्दल (जमिनीला टेकलेल्या प्रचंड वेगवान वावटळीबद्दल) मात्र इतक्या ठामपणे बोलता येत नाही.

नुकसानीचं सगळं खापर हवामान बदलावर फोडणं ही आणखी एक चूक. मादागास्करच्या दक्षिणेत २०२१ मध्ये लोक उपाशी होते आणि त्याला ‘हवामान बदलाचा दुष्काळ’ म्हटलं गेलं. ‘वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्यूशन’ या, अशा घटनांत हवामान बदलाचा वाटा मोजणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गटाला त्यात हवामान बदलाचा वाटा असलाच तर अगदी थोडा दिसला. खरी कारणं होती गरिबी आणि पावसावरच टांगलेली शेती. हे ऐकायला जड जातं, पण निदान चुकलं की मदतही चुकीच्या ठिकाणी जाते.

आणि ‘पुरावा मिळाला नाही’ म्हणजे ‘परिणाम नाही’ असं कधीच वाचू नका. मे २०२३ मध्ये रवांडा आणि काँगोत किवू सरोवराभोवतीच्या पुरात शेकडो माणसं गेली. तिथे शास्त्रज्ञांना निष्कर्षच काढता आला नाही, कारण पावसाच्या पुरेशा नोंदी हाताशी नव्हत्या.