जादा तास लावण्याआधी: शाळांनी या चुका टाळाव्यात

निकाल घसरला की शाळेत बैठक होते. पहिलं वाक्य ठरलेलं: मुलं अभ्यासच करत नाहीत. दुसरंही ठरलेलं: जादा तास लावू. मूल नेमकं अडलंय कुठे, हा प्रश्न या दोन वाक्यांच्या फटीत हरवतो. पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

चूक मोजायची, पण वाचायची नाही

वहीत 52 − 38 = 26 असं दिसलं की आपण लाल फुली मारतो आणि शेजारी 'लक्ष दे' असा शेरा लिहितो. पण मुलाने लक्ष दिलेलं असतं. त्याने प्रत्येक स्तंभात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला: आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. हेच मूल 403 − 127 चं उत्तर 324 काढेल. त्याच्याकडे नियम आहे, फक्त तो चुकीचा आहे. त्याला आणखी पन्नास गणितं दिली तर तो चुकीचा नियम पन्नास वेळा घोटला जाईल. 0.35 हे 0.8 पेक्षा मोठं म्हणणाऱ्या मुलाचंही तेच. पस्तीस आठापेक्षा मोठे, एवढंच ते बघतं.

त्यामुळे आधी सोडवलेली दहा उदाहरणं शेजारी शेजारी ठेवून पाहा. उत्तरं एकाच पद्धतीने चुकत असतील तर तो निष्काळजीपणा नव्हे. मुलाला जवळ बसवा, 'कसं केलंस ते सांग' म्हणा आणि मध्ये बोलू नका. (हे शेवटचं सगळ्यात अवघड, शिक्षकाला तर फारच.) वजाबाकीत अडलं असेल तर काड्यांची दहाची जुडी सोडून दाखवा.

शाब्दिक उदाहरणं जमत नसतील तर तेच उदाहरण तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. मग ते सुटलं, तर गणित येतंय, वाचन अडलंय. फळ्यावरचं उतरवताना सारख्या चुका होत असतील तर मुलाला पुढच्या बाकावर बसवून बघा. फरक पडला तर डोळे तपासून घ्यायला सांगा. काही 'ढ' मुलं चष्मा लागल्यावर हुशार होतात.

जादा तासात तोच धडा, फक्त आवाज वाढवून

सातवीतल्या मुलाला अपूर्णांक कळत नाहीत, कारण भागाकार पक्का नाही. जादा तासाला आपण पुन्हा अपूर्णांकच शिकवतो. अडलेली पायरी दोन इयत्ता खाली असेल तर शिकवणी तिथूनच सुरू झाली पाहिजे. दिवसातून एक तास इयत्ता बाजूला ठेवून, काय येतं यावरून गट पाडले तर हे जमतं. मात्र गट काही आठवड्यांनी पुन्हा पाडायलाच हवेत. नाहीतर 'खालचा गट' ही मुलाची कायमची ओळख होऊन बसते.

'समजलं का?'

या प्रश्नाला सगळा वर्ग एका सुरात 'हो' म्हणतो. त्याऐवजी एक प्रश्न विचारा, प्रत्येकाला उत्तर पाटीवर लिहून वर धरायला लावा. कोण कुठे आहे ते लगेच दिसतं.

प्रश्न विचारल्यावर थांबायलाही हवं. शिक्षण संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांमधल्या ध्वनिफितींचा अभ्यास केला. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादा सेकंदच थांबत होते. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर मुलांची उत्तरं मोठी झाली, 'माहीत नाही' कमी झालं. तीन सेकंद वर्गात युगासारखे वाटतात, पण मनात मोजा.

चाचणी फक्त गुणांसाठी

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्यानंतर चित्र उलटलं: पुस्तक मिटून आठवण्याचा प्रयत्न करणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं. म्हणून तासाच्या सुरुवातीला मागच्या आठवड्यातले तीन प्रश्न, विनागुण, वही बंद. यात वेळ जातो ही तक्रार मी मानत नाही. विसरलेलं परत शिकवण्यात त्याहून जास्त जातो.

गुणांबद्दलही एक सांगायला हवं. संशोधक रूथ बटलर यांच्या 1988 च्या अभ्यासात फक्त शेरा मिळालेल्या मुलांची कामगिरी सुधारली, गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांची सुधारली नाही. आकडा दिसला की शेरा कोण वाचतो? वही आधी नुसत्या शेऱ्यासह परत द्या, दुरुस्ती करून घ्या, गुण नंतर सांगा.

सरासरी हजेरीवर समाधान

40 मुलांच्या वर्गाची हजेरी 92 टक्के. ऐकायला छान. पण त्यात 32 मुलं 96 टक्के आणि 8 मुलं 76 टक्के असू शकतात. 200 दिवसांच्या वर्षात त्या आठ जणांचे प्रत्येकी 48 दिवस बुडतात. दोन महिन्यांची शाळाच गेली म्हणा. महिन्यात दोनपेक्षा जास्त दिवस बुडवणाऱ्यांची नावं वेगळी काढा. नावासमोर कारण लिहा: आजारपण, घरचं काम, प्रवास, की वर्गात कुणाची भीती. प्रत्येकाचा उपाय वेगळा निघतो, सरसकट नोटीस कुणालाच लागू पडत नाही.

आणखी काही, थोडक्यात

पालकांना फक्त तक्रारीसाठी बोलावू नका. पहिला निरोप चांगल्या गोष्टीचा असेल तर दुसऱ्याला ते येतात. मुलांची 'बघून शिकणारी' आणि 'ऐकून शिकणारी' अशी वाटणी करून धडे वेगळे करण्यात शक्ती घालवू नका, तसं शिकवल्याने फायदा होतो याला भक्कम पुरावा नाही.

आणि एकाच सत्रात पाच उपक्रम सुरू करू नका. काय लागू पडलं आणि काय नाही, हे कळतच नाही. एक इयत्ता, एक अडचण, सहा आठवडे. सुरुवातीला घेतलेले दहा प्रश्न शेवटी त्याच धर्तीवर, आकडे बदलून पुन्हा घ्या आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बैठकीला बसा.