चौथ्या प्रकरणापासून वाचा: संरक्षणावरची संसदेची नजर शिकताना

३ ऑगस्ट २०२१. कळव्याच्या घरात मी आणि काका टीव्हीसमोर बसलो होतो. काकांची नोकरी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, सगळी उमर मशीनवर गेलेली. त्या दिवशी लोकसभेत अत्यावश्यक संरक्षण सेवा विधेयक होतं. दारूगोळा आणि शस्त्रं बनवणाऱ्या कारखान्यांतल्या संपावर बंदी घालायचा अधिकार सरकारला देणारा हा कायदा. सभागृहात वेगळ्याच विषयावरून घोषणा चालल्या होत्या आणि त्या गोंधळातच आवाजी मतदानाने विधेयक मंजूर झालं. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, हे आमच्याबद्दल होतं ना? मग कुणी काही विचारलं का नाही?"

मी तेव्हा राज्यशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होते. माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन महिन्यांनी, १ ऑक्टोबरला, देशातले ४१ आयुध कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले आणि काकांचा कारखाना त्यांतल्या यंत्र इंडियाकडे गेला. काकांचा तो प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही. पदवी झाली, एम.ए. झालं, मग दिल्लीत एका खासदारांच्या कार्यालयात वर्षभर संशोधन सहायक म्हणून काम केलं. आता ठाण्यात परत आल्यावर कॉलेजातली मुलं विचारतात, "ताई, संरक्षणाचा अभ्यास करायचाय, सुरुवात कुठून करू?" बहुतेकांच्या मनात असतात ती विमानं, क्षेपणास्त्रं, सीमा. त्यात वाईट काहीच नाही. पण सैन्यावर खर्च होणाऱ्या पैशाचा आणि निर्णयांचा जाब लोकांच्या वतीने कोण आणि कसा विचारतं, हा स्वतंत्र अभ्यास आहे. मराठीत त्याची वाट दाखवणारं फारसं कुणी भेटत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

पहिली गोष्ट. टीव्हीवर दिसतं ते संसदेचं निम्मंच काम. अर्थसंकल्पी अधिवेशनात सगळ्या मंत्रालयांच्या मागण्यांवर, म्हणजे त्यांनी वर्षाच्या खर्चासाठी मागितलेल्या पैशांवर, चर्चा करायला वेळ पुरत नाही. शेवटी उरलेल्या मागण्या एकदम मताला टाकतात, त्याला गिलोटिन म्हणतात. संरक्षणाच्या मागण्या कित्येक वर्षी अशाच, सभागृहात चर्चा न होता मंजूर झाल्या आहेत. २०२५-२६ ची तरतूद ६.८१ लाख कोटी रुपयांची होती. एवढा पैसा चर्चेशिवाय मंजूर होऊ शकतो हे कळल्यावर मी हादरले होते. मग समजलं की खरी झाडाझडती आधीच, समितीच्या खोलीत झालेली असते.

ती समिती म्हणजे संरक्षणविषयक स्थायी समिती. मंत्रालयनिहाय स्थायी समित्या १९९३ साली सुरू झाल्या. आधी १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्री सदस्य होऊ शकत नाही. मुदत एका वर्षाची. माझ्या मते हीच तिची सगळ्यात मोठी अडचण, कारण एखाद्या खासदाराला तोफा, पाणबुड्या आणि खरेदीची कागदपत्रं कळायला लागेपर्यंत वर्ष सरलेलं असतं. बैठका बंद दाराआड होतात, सहायकालाही आत जाता येत नाही. पण अहवाल संसदेच्या पटलावर ठेवला की तो लोकसभेच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतो. कळव्यात बसूनसुद्धा.

कुठला अहवाल आधी घ्यायचा? मार्च २०१८ चा घ्या. समितीचे अध्यक्ष तेव्हा भुवनचंद्र खंडुरी होते, सत्ताधारी पक्षाचे खासदार आणि स्वतः निवृत्त मेजर जनरल. त्या समितीपुढे उपलष्करप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी सांगितलं की लष्कराच्या सामग्रीपैकी ६८ टक्के जुनाट झालेली आहे, २४ टक्के सध्याच्या काळातली आणि फक्त ८ टक्के अत्याधुनिक. खरं तर ही वाटणी प्रत्येकी एक तृतीयांश हवी. त्याच अहवालात आणखी दोन आकडे शेजारी शेजारी येतात. आधुनिकीकरणासाठी लष्कराला मिळाले २१,३३८ कोटी, आणि आधीच करार होऊन चालू असलेल्या १२५ योजनांची देणी होती २९,०३३ कोटी. हे दोन आकडे वहीत एकाखाली एक लिहा आणि वजाबाकी करा. नवीन खरेदीचं तर सोडाच, जुने हप्ते भागवायलाच पैसे कमी. मी हे पहिल्यांदा केलं ते ठाण्याहून सीएसएमटीला जाताना लोकलमध्ये, वही गुडघ्यावर ठेवून. एका गणवेशातल्या अधिकाऱ्याने निवडून आलेल्या लोकांपुढे खरं सांगितलं आणि ते छापून लोकांपुढे आलं, याचं मोल मला त्या वजाबाकीने कळलं.

आता ज्यासाठी हा मथळा दिला ते सांगते. समितीने शिफारशी केल्या की तीन महिन्यांत सरकारने त्यावर काय केलं ते कळवायचं असतं. त्या उत्तरांवर समिती पुन्हा एक अहवाल काढते, कृती अहवाल. तो नेहमी पाच प्रकरणांचा असतो. पहिल्यात समितीचं म्हणणं. दुसऱ्यात सरकारने मान्य केलेल्या शिफारशी. तिसऱ्यात सरकारचं उत्तर ऐकून समितीने सोडून दिलेल्या. चौथ्यात ज्यांच्यावरचं सरकारचं उत्तर समितीला पटलेलं नाही त्या. पाचव्यात अंतिम उत्तर अजून यायचं आहे अशा. नवा वाचक पहिल्या पानापासून सुरू करतो आणि चाळिसाव्या पानावर झोपतो. तुम्ही चौथं प्रकरण उघडा. समिती आणि मंत्रालय यांचं खरोखर कुठे अडलंय ते तिथे असतं. एखादी शिफारस तिथे दिसली की आदल्या वर्षीचा अहवाल काढा, मग त्याच्या आदल्याचा. असं मागे मागे गेलात की एका विषयाचा दहा वर्षांचा इतिहास हाती लागतो.

मी असाच माग काढला तो आधुनिकीकरणाच्या न बुडणाऱ्या निधीचा. आपल्याकडे वर्षाचा पैसा ३१ मार्चला खर्च झाला नाही तर परत जातो. पाणबुडीचा करार मात्र एका वर्षात होत नसतो. माझगाव डॉकमधल्या सहा स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार २००५ चा, पहिली कलवरी नौदलात आली डिसेंबर २०१७ ला आणि सहावी वागशीर जानेवारी २०२५ ला. म्हणून वर्ष संपलं तरी बुडणार नाही असा वेगळा निधी हवा. २००४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात जसवंत सिंह यांनी असा २५,००० कोटींचा निधी जाहीरही केला होता. तो प्रत्यक्षात आला नाही. मग स्थायी समितीने ही मागणी लावून धरली, अध्यक्ष बदलले, सरकारं बदलली तरी. पंधराव्या वित्त आयोगानेही २०२१ ते २०२६ साठी तसा निधी सुचवला. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून घरी आल्यावर रात्री मी हे सगळे उतारे एका तक्त्यात मांडले. मागणी तीच, फक्त तारखा बदलत गेल्या होत्या. चिकाटी म्हणजे काय असते ते मला त्या तक्त्यात दिसलं.

मी केलेली एक चूकही सांगते, कारण ती सगळेच करतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये अर्थसंकल्प आल्यावर खासदारांसाठी टिपण तयार करायचं होतं. संरक्षणाची भांडवली तरतूद, म्हणजे मुख्यतः नवी शस्त्रं आणि सामग्री घ्यायचे पैसे, १,८०,००० कोटी. मी लिहिलं, जवळपास १३ टक्के वाढ. दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी कागद परत दिला, त्यावर पेन्सिलीने एकच शब्द होता, "कशाच्या?" मी तुलना केली होती ती आदल्या वर्षीच्या सुधारित अंदाजाशी, म्हणजे १,५९,५०० कोटींशी. आदल्या वर्षीचा अर्थसंकल्पीय अंदाज होता १,७२,००० कोटी. त्याच्याशी तुलना केली तर वाढ पाच टक्क्यांच्याही आत. वर्ष सुरू होताना दिलेले पैसे वर्षअखेरीला साडेबारा हजार कोटींनी कमी झाले होते, खरी बातमी ती होती आणि ती माझ्या समोर असून मला दिसली नाही. ते टिपण तसंच सभागृहात वाचलं गेलं असतं तर माझ्यामुळे खासदारांना खाली बघावं लागलं असतं. तेव्हापासून कुठल्याही आकड्याच्या शेजारी मी अर्थसंकल्पीय, सुधारित की प्रत्यक्ष, ते आधी लिहिते.

मागण्या चार असतात हेही लक्षात ठेवा: मंत्रालयाची नागरी, सैन्यदलांची महसुली (पगार, देखभाल असा रोजचा खर्च), भांडवली आणि निवृत्तिवेतनाची. तटरक्षक दल नागरी मागणीत येतं. सीमा सुरक्षा दल यात कुठेच नाही, ते गृह मंत्रालयाकडे. मुलाखतीला आलेल्या अर्ध्या मुलांची इथेच चूक होते.

प्रश्न लिहिणं हे वेगळं कसब आहे. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, लोकसभेत दिवसाला असे २० प्रश्न घेतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी. लोकसभेचा नियम ४१ सांगतो की प्रश्न साधारण १५० शब्दांच्या वर नसावा, त्यात युक्तिवाद नसावा, आरोप नसावा. "सरकार जवानांकडे दुर्लक्ष का करत आहे?" असा प्रश्न टिकत नाही. "अमुक योजनेखाली गेल्या तीन वर्षांत किती रक्कम मंजूर झाली, किती खर्च झाली, फरकाची कारणं काय?" हा टिकतो आणि उत्तरात आकडे येतात. राग मनात असू द्या, कागदावर आकडा मागा.

सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचे अहवाल आणि ते अहवाल तपासणारी संसदेची लोकलेखा समिती यांच्याबद्दल बरंच सांगता येईल, इथे एवढंच सांगते. कॅगच्या २०१७ च्या अहवालात लष्कराच्या दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या युद्धालाही पुरणार नाही इतका कमी असल्याचं नोंदलं होतं. काकांना मी तो परिच्छेद वाचून दाखवला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे आम्ही कँटीनमध्ये बोलायचो. दिल्लीत कुणी लिहून ठेवलंय हे माहीत नव्हतं."

आणि सामान्य माणसाचं काय? वन रँक वन पेन्शनचं उदाहरण घ्या, म्हणजे एकाच हुद्द्यावरून तेवढ्याच सेवेनंतर निवृत्त झालेल्यांना, निवृत्ती कधीची का असेना, सारखंच निवृत्तिवेतन. माजी सैनिकांची ही मागणी राज्यसभेच्या विनंती अर्ज समितीपुढे आली. भगतसिंह कोश्यारी त्या समितीचे अध्यक्ष होते, जे पुढे आपल्याकडे राज्यपाल झाले. डिसेंबर २०११ मध्ये समितीने मागणीच्या बाजूने अहवाल दिला. सप्टेंबर २०१५ मध्ये सरकारने योजना जाहीर केली आणि ती १ जुलै २०१४ पासून लागू धरली. मधल्या चार वर्षांत जंतरमंतरवर आंदोलनंही झाली, पण समितीचा कागद हाती होता म्हणून मागणीला वजन आलं. अंबरनाथ, बदलापूर, कळव्यात किती माजी सैनिकांची घरं आहेत! या वाटेची त्यांना माहिती करून देणं हेसुद्धा या अभ्यासाचंच काम मी मानते.

एका मर्यादेची जाणीव मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. समितीला कागदपत्रं मागवायचा अधिकार आहे, पण देशाच्या सुरक्षेला किंवा हिताला बाधा येईल या कारणाने सरकार एखादा कागद द्यायला नकार देऊ शकतं. १९६२ नंतर हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे आपण शाळेपासून ऐकतो. त्याच यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्री म्हणून २ सप्टेंबर १९६३ ला लोकसभेत पराभवाच्या लष्करी चौकशीबद्दल निवेदन केलं, पण त्या चौकशीचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल पटलावर ठेवला नाही. साठ वर्षं होऊन गेली तरी सरकारने तो खुला केलेला नाही. युद्ध चालू असताना गुप्तता हवी, हे मला पूर्ण मान्य. पण दोन पिढ्या उलटल्यावरही ती हवी, हे पटत नाही. आणि आपल्या बाजूने पथ्य एकच: गोपनीय कागद हाती आला तरी तो पुढे पाठवायचा नाही. या कामात एकदा विश्वास गेला की परत मिळत नाही.

नोकरीच्या वाटा म्हणाल तर पदवीनंतर संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेची लॅम्प फेलोशिप आहे, २५ वर्षांपर्यंतच्या पदवीधरांना जवळपास वर्षभर एका खासदाराबरोबर काम करायला मिळतं. पुणे विद्यापीठात संरक्षण आणि सामरिकशास्त्राचा विभाग आहे. लोकसभा आणि राज्यसभा सचिवालयांच्या भरत्या निघतात, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. दिल्लीत खोली, जेवण आणि हिवाळ्याचे कपडे यांचा हिशेब घरी आधीच मांडा, मी मांडला नव्हता आणि पहिले तीन महिने बाबांकडून पैसे मागावे लागले. अर्जासोबत एखाद्या अहवालावर दोन पानांचं स्वतःचं टिपण जोडा. निवड करणारे लोक मार्कांआधी ते वाचतात, हा माझा अनुभव आहे.

आम्ही चारपाच जण आता दर पंधरा दिवसांनी नौपाड्यात एकीच्या घरी जमतो आणि एक अहवाल वाचतो, मराठीत बोलतो, अडलेले शब्द वहीत लिहितो. मागच्या खेपेला काकाही आले. निवृत्त झालेत, वेळ आहे. मी छापील प्रत पुढे सरकवली, त्यांनी चष्मा लावला, पहिली पन्नास पानं एकदम उलटली आणि विचारलं, "चौथं कुठून सुरू होतं गं?"