जिन्याखालची जुनी सायकल: दुरुस्त करावी की नाही, हे कसं ठरवावं

इंदुरात रामबाग, मल्हारगंजकडच्या जुन्या घरांत जिन्याखाली एखादी काळी, दांड्यांच्या ब्रेकची सायकल अजून निघते. ती आधी पॉलिशपेपरने घासून काढणं ही सगळ्यात महाग चूक. गंज थांबवता येतो, मूळ रंग आणि सोनेरी रेघा परत येत नाहीत. थिनर आणि पेट्रोलने तर नळीवरची नावंच पुसली जातात. कोरडं फडकं मारा आणि चारी बाजूंनी फोटो काढा.

ओळखताना फक्त पुढच्या बिल्ल्यावर विसंबू नका. तो दोन स्क्रूंचा मामला असतो. चेनचं मोठं चक्र बघा. त्यातल्या नक्षीवरून जुनी ब्रिटिश कंपनी कळते: बगळ्याची डोकी म्हणजे रॅले, पंजा म्हणजे रज, माणसांच्या आकृत्या म्हणजे हंबर. बी.एस.ए.च्या चक्रात तीच अक्षरं कापलेली असतात. बिल्ला आणि चक्र जुळत नसतील तर सायकल जोडकाम आहे. ‘सेन-रॅले’ असेल तर ती इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या मूळ रॅले कारखान्याची नव्हे, बंगालातल्या आसनसोलची. मागच्या हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) स्टर्मी-आर्चर हे हब बनवणाऱ्या कंपनीचं नाव आणि 56 सारखा आकडा दिसला, तर तो हबचं साल सांगतो, सायकलचं नव्हे. हब बदललेलं असू शकतं.

आता फ्रेम, कारण निर्णय इथेच होतो. हँडलच्या नळीमागे, वरच्या आणि तिरक्या दांड्याच्या खालच्या अंगाला बोट फिरवा. सुरकुती किंवा फुगवटा लागला तर पुढून जोराची धडक बसलेली आहे. मग दोरा घ्या: मागचं चाक बसतं त्या एका खाचेपासून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणा आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजा. 2-3 मिलिमीटरहून जास्त फरक म्हणजे फ्रेम वाकडी. दुधाचे कॅन वाहिलेल्या सायकलींच्या मागच्या दांड्या खास तपासा. पॅडलच्या एक्सलची नळी खालून ठोकून बघा, पावसाचं पाणी तिथेच साचतं. सीटची नळी हलत नसेल तर गंज सोडवणारं तेल घालून दोन दिवस ठेवा. पाइप लावून पिळू नका.

फ्रेम सरळ, चिमटा (पुढचं चाक धरणारा) आणि चक्र मूळचं: दुरुस्त करा. फ्रेमला चीर किंवा सुरकुती: चक्र, चेन-कव्हर, दिवा काढून ठेवा आणि फ्रेमचा नाद सोडा. रंग शाबूत असेल तर पुन्हा रंगवू नका, फक्त ओव्हरऑईलिंग करा, म्हणजे सगळं उघडून साफ करून नवं ग्रीस भरा.

सामान मिळण्यात आपण नशीबवान: 28×1½ चे टायर सायकलच्या साध्या दुकानातही मिळतात. अडचण वेगळीच. पॅडलच्या एक्सलच्या नळीत दोन्ही बाजूंनी कप फिरवून बसवलेले असतात. नॉटिंगहॅमच्या रॅलेच्या या कपांचे आटे इंचाला 26, इतर बहुतेकांचे 24. नवा कप जबरदस्तीने फिरवला की फ्रेमचे आटे जातात. रिम बदलताना दांड्यांच्या ब्रेकला चालणारीच घ्या, कारण रबर रिमच्या आतल्या अंगाला लागतं. छिद्रंही मोजा: बहुधा पुढे 32, मागे 40.

कॉटर पिन, म्हणजे क्रँक (पॅडलचा दांडा) एक्सलला धरून ठेवणारी पिन, काढताना नट पूर्ण काढू नका, पिनच्या टोकाशी समपातळीवर आणा. क्रँकखाली पाइपचा तुकडा टेकवून एकच सरळ ठोका द्या. आधाराशिवाय ठोकल्यास पिन वाकते आणि ड्रिलशिवाय निघत नाही.

छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या) काढताना मोजून ठेवा. पॅडलच्या एक्सलला दोन्ही बाजूंना साधारण 1/4 इंची 11-11, पुढच्या हबला 3/16 चे 10-10. बसवताना एका छर्‍याएवढी जागा मोकळी राहू द्या. ठासून भरले की कोन (छर्रे ज्यावर फिरतात तो निमुळता भाग) चरतो.