हर्णैच्या इतिहासावर लेटरबॉक्सिंगचा खेळ कसा मांडावा

कोडी सोडवत लपवलेली डबी शोधण्याचा लेटरबॉक्सिंग हा खेळ इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळरानावर १८५४ मध्ये सुरू झाला. डबीत एक शिक्का आणि वही असते. शोधणारा स्वतःचा ठसा त्या वहीत उमटवतो व डबीतील शिक्क्याचा ठसा आपल्या वहीत घेतो. शिक्का खोडरबर कोरून घरीच करता येतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील हर्णै बंदराला समुद्रातील सुवर्णदुर्ग आणि किनाऱ्यावरचे कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा हे किल्ले जवळजवळ असल्याने कोड्यांना विषय कमी पडत नाही. सुवर्णदुर्ग तुळाजी आंग्र्यांच्या हातून कोणत्या साली गेला, हे शोधायला लावावे आणि त्या सालातील अंकांची बेरीज, म्हणजे १७५५ वरून १८, इतकी पावले ठरलेल्या खुणेपासून कनकदुर्गावरील दीपगृहाकडे तोंड करून चालायला सांगावे. मुलांची आणि मोठ्यांची पावले सारखी नसतात, म्हणून शेवटी एखादे झाड किंवा विहीर ही पडताळणीची खूण द्यावीच.

डबी किल्ल्याच्या तटात कदापि लपवू नये, कारण चिरे हलवल्याने बांधकामाला इजा होते. त्यापेक्षा मालकाच्या परवानगीने वाडीतील गडग्यालगत (दगडी कुंपणालगत), भरतीच्या रेषेपासून बरीच वर ठेवावी. बिळात किंवा फटीत हात घालावा लागेल अशी जागा टाळावी, कारण तिथे साप, विंचू असू शकतात. खाऱ्या हवेत पत्रा गंजतो, तेव्हा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यावा आणि पावसाळ्यापूर्वी तो उचलून घरी आणावा.