१० किमी ५० मिनिटांत काढायचेत? २०० मीटरची बीप लावा

पहिले दोन किमी जोशात पळतो अन् सातव्याला दम तुटतो, लई जणांचं असंच होतं. ५० मिनिटं म्हणजे २०० मीटरला बरोबर १ मिनिट, एवढंच धरा.

१. ४०० मीटरच्या ग्राउंडवर आतल्या लेनला समोरासमोर दोन ठिकाणी चुन्याची खूण करा.
२. मोबाईलवर दर १ मिनिटाला बीप लावा.
३. बीपला पाय खुणेवर पाहिजे, आधीच पोचलात तर स्पीड कमी करा, हे जास्त महत्त्वाचं. १ किमी पळा, २ मिनिटं चाला, असं ५ वेळा, जमलं की तुकडा २ किमीचा करा.

आठवड्यातून एकदाच, बाकी दिवस गप्पा मारता येतील इतकं हळू. अन् एप्रिल-मेत परभणी-नांदेडकडं सकाळीच ऊन चटकतं, तेव्हा उजाडायच्या आत उरका, टायमिंगचा हट्ट नको.