जुन्या छायाचित्राचे स्कॅन ५ × ७ इंचांसाठी नेमके कसे कापावे

अल्बममधील जुने छायाचित्र स्कॅन करून नव्या फ्रेमसाठी तयार करताना फोटोशॉपच्या क्रॉप टूलची चौकट अंदाजाने ओढली, तर एका बाजूला मूळ प्रतीच्या पांढऱ्या किनारीची रेघ राहते आणि दुसऱ्या बाजूला कोणाचा तरी खांदा कापला जातो. बहुतेक वेळा हे माप आधी न ठरवल्यामुळे घडते, म्हणून माउसला हात लावण्यापूर्वी थोडा हिशेब करावा.

समजा, पांढरी किनार असलेले २.५ × ३.५ इंचांचे कृष्णधवल छायाचित्र आहे. ते ६०० डीपीआयवर, म्हणजे प्रति इंच ६०० बिंदूंवर, स्कॅन केले की १५०० × २१०० पिक्सेल मिळतात, म्हणजेच छपाईसाठी सामान्यतः धरल्या जाणाऱ्या प्रति इंच ३०० पिक्सेलच्या हिशेबाने बरोबर ५ × ७ इंच. किनार कापल्यावर मात्र, उदाहरणार्थ, १३८० × १९३२ पिक्सेल उरतात आणि ५ × ७ इंचांच्या प्रतीत प्रति इंच २७६ पिक्सेल येतात. भिंतीवरच्या छायाचित्राला एवढे पुरते, तरीही स्कॅनरमध्ये १२०० डीपीआयची सोय असेल तर ती वापरावी.

‘सी’ ही कळ दाबून क्रॉप टूल घ्यावे. वरच्या पट्टीतील यादीत दोन पर्याय शेजारीशेजारी दिसतात आणि त्यांच्यातच बहुतेकांची गल्लत होते. ‘रेशो’ निवडून ५ आणि ७ हे आकडे भरले, तर चौकटीचे प्रमाण तेवढे पक्के होते आणि आतील पिक्सेल आहेत तसेच राहतात. ‘विड्थ, हाइट, रिझोल्यूशन’ हा पर्याय निवडून ५ इंच, ७ इंच आणि ३०० असे भरले, तर आपल्या १३८० पिक्सेलच्या रुंदीचे सॉफ्टवेअर १५०० पिक्सेल करते, म्हणजे मुळात नसलेले पिक्सेल आजूबाजूच्या पिक्सेलवरून तयार करून भरते. जुन्या छायाचित्रासाठी पहिलाच पर्याय घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चित्र आडवे असेल तर ‘एक्स’ दाबून आकड्यांची अदलाबदल करता येते.

त्याच पट्टीतील ‘डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स’ या चौकोनातली खूण काढून टाकावी. ही खूण तशीच ठेवून मी एकदा घरातील एका छायाचित्राचे स्कॅन कापले आणि मूळ फाइलवरच साठवले. खालच्या किनारीवर उमटवलेला स्टुडिओचा शिक्का त्यात कायमचा गेला, आणि ते छायाचित्र कुठे काढले होते हे सांगणारी तेवढीच एक खूण होती. खूण काढलेली असली, की कापलेला भाग केवळ झाकला जातो आणि ‘इमेज’ मेनूतील ‘रिव्हील ऑल’ने परत आणता येतो. त्यासाठी फाइल पीएसडी किंवा टिफ स्वरूपात साठवावी लागते, कारण जेपेगमध्ये झाकलेला भाग उरत नाही. अखंड स्कॅनची एक प्रत वेगळी ठेवावी, हे ओघाने आलेच.

आता स्कॅन सरळ करावे. ‘स्ट्रेटन’ निवडून छायाचित्राच्या एका लांब कडेवर रेघ ओढली, की तिरकेपणा तेवढ्याच अंशाने निघतो. चित्र फिरले की प्रत्येक पिक्सेल नव्याने मोजला जाऊन तपशील किंचित मऊ पडतो, म्हणून आधी फिरवून एंटर, मग कापून पुन्हा एंटर असे न करता दोन्ही एकाच एंटरमध्ये उरकावे.

खरी अडचण किनारीपाशी येते. चौकटीची कड फाइलच्या कडेजवळ नेली की ती आपोआप तिला जाऊन चिकटते आणि किनार संपते त्या नेमक्या जागी थांबतच नाही. हा ‘स्नॅप’ या सोयीचा परिणाम असतो. विंडोजवर ओढता ओढता कंट्रोल कळ दाबून ठेवली की ती सोय तेवढ्यापुरती बंद होते. वारंवार त्रास होत असेल तर ‘व्ह्यू’ मेनूतूनच ‘स्नॅप’ बंद करावे. चित्र ३०० टक्क्यांपर्यंत मोठे करून, स्पेसबारने सरकवत, चारही कोपरे एकेक करून पाहावेत. जुन्या प्रतींची किनार क्वचितच चारही बाजूंनी सारखी असते, त्यामुळे एक कोपरा जुळला म्हणून बाकीचे जुळले असे धरू नये. शेवटचा एखाददुसरा पिक्सेल बाणाच्या कळांनी हलवावा.

समूहचित्रात माणसे कडेपर्यंत उभी असतील, तर ५ × ७ च्या प्रमाणासाठी कोणाला कापण्यापेक्षा ‘कॅनव्हस साइज’मधून दोन बाजूंना पांढरी पट्टी वाढवणे चांगले. किनारीविना छापताना छपाईयंत्र कडेचा थोडा भाग कापू शकते, म्हणून डोक्यांच्या वरही दोन-तीन मिलिमीटर जागा राहू द्यावी.

एंटर दाबल्यावर ‘इमेज साइज’ उघडावे, पिक्सेलची संख्या बदलणाऱ्या ‘रीसॅम्पल’ची खूण काढावी आणि रुंदीत ५ इंच भरावेत. उंची ७ इंच आणि रिझोल्यूशन २७६ च्या आसपास दिसले, तर प्रत छपाईला द्यायला हरकत नाही.